एका डावापुरता

लहान गावातल्या बेसबॉल संघाचा प्रशिक्षक फाउस्तो याने फोन कानाला लावला आणि त्याची नजर आपसूक प्रेक्षकांकडे गेली. तिसऱ्या रांगेत रोसमेलची आई दोन्या ओब्दुलिया, म्हणजे ओब्दुलियाबाई, बसली होती. चर्चला जाताना घालतात तसा कडक इस्त्रीचा निळा झगा, मांडीवर खोबऱ्याच्या वड्यांचा डबा. फाउस्तोच्याच बेटावरून दोन विमानं आणि एक बस बदलून ती सकाळीच इथे पोचली होती. मुलगा अमेरिकेत खेळायला आल्यापासून त्याला मैदानावर पाहायची तिची ही पहिलीच वेळ.

"रोसमेलला बाहेर काढ," फोनवर मोठ्या संघाच्या कचेरीतला माणूस बोलत होता. "सौदा पक्का झाला. तो आणि आपल्याच दुसऱ्या एका लहान संघातला तो डावखुरा, दोघं द्यायचे. बदल्यात ओडेल मिळतोय."

ओडेल म्हणजे अडतीस वर्षांचा पिचर. हंगाम अर्ध्यावर आला होता, मोठा संघ जिंकत होता, आणि अशा वेळी चेंडू टाकायला मुरलेला हात लागतो. फाउस्तोला हे सगळं कळत होतं. फोनवरच्या माणसाच्या जागी तो असता तर त्यानेही हेच केलं असतं. या लहान गावातला हा लहान संघ होताच त्यासाठी. इथे पोरं वाढवायची आणि वर पाठवायची, नाहीतर अशी देऊन टाकायची.

"आजचा दिवस खेळू दे की त्याला," फाउस्तो म्हणाला. "त्याची आई आली आहे."

"खेळू दे? पाय मुरगळला तर सौदा बोंबलला! आत्ताच्या आत्ता काढ."

रोसमेल बॅट घेऊन पुढच्या पाळीची वाट बघत उभा होता.

"काय म्हणालात? ऐकू येत नाही," फाउस्तो ओरडला. "इथे गोंगाट फार आहे."

मैदानावर इतकी शांतता होती, की कुणाचं तरी तान्हं रडत होतं ते लांबच्या मक्याच्या शेतापर्यंत ऐकू जात असावं. फाउस्तोने फोन बंद करून खिशात टाकला. शेजारी बसलेला त्याचा मदतनीस हर्ब त्याच्याकडे वळला.

"नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. एक पाळी."

रोसमेल चेंडू मारायला पुढे गेला. पहिला चेंडू त्याने सोडला. दुसऱ्यावर बॅट फिरवली, चेंडू उंच गेला, खूप उंच, आणि अलगद येऊन समोरच्या खेळाडूच्या चामडी हातमोज्यात पडला. बाद. फाउस्तोने डोळे मिटून घेतले.

"अरे, झोपलास का मेल्या!" तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला. "हे बघायला आले का मी समुद्र ओलांडून?"

बाकावरचा सगळा संघ हसला. रोसमेलही मान खाली घालून हसतच परतला. तेवढ्यात फाउस्तोने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याच्या जागी दुसऱ्याला मैदानात धाडलं.

जुलै संपला की खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते; तो संपत आला असताना धडधाकट पोराला खेळातून मध्येच काढलं, की काय झालं ते सांगावं लागत नाही. हसू जागच्या जागी थांबलं. सगळ्यात आधी बाकावरचा धिप्पाड टकर उठला आणि त्याने रोसमेलला मिठीत घेतलं. "आधी माझे मोजे परत कर, गाढवा," तो म्हणाला, पण त्याचा आवाज फुटला. मग एकेक करत सगळे आले.

"कोणासाठी दिलं रे याला?"

"ओडेलसाठी," फाउस्तोने सांगितलं.

"त्या म्हाताऱ्यासाठी? त्याच्या गुडघ्यांना वेगळं तिकीट काढावं लागेल!"

कुणी हसलं, कुणी नाक पुसलं. फाउस्तो बाजूला उभा होता. बाविसाव्या वर्षी त्यालाही असंच देऊन टाकलं होतं. कुणीतरी बसच्या थांब्यावर येऊन सांगितलं होतं आणि त्याची पेटी बसच्या टपावर चढवली होती. त्या दिवशी त्याच्याशी हात मिळवायलासुद्धा कुणी नव्हतं. त्याने घाम पुसावा तसे डोळे पुसले.

मग तो वर बघायला धजला. दोन्या ओब्दुलिया कठड्याशी येऊन उभी होती आणि चक्क हसत होती. समाधानाने, देवळातून बाहेर पडताना माणूस हसतं तशी. फाउस्तोच्या मनात आलं, बिचारीला वाटतंय, पोराचं कौतुकच चाललंय.

तो कठड्यापाशी गेला. "दोन्या, कसं सांगू तुम्हाला..."

"दिला ना त्याला दुसरीकडे?" ती म्हणाली. "भाऊ, घरोघरी बेसबॉल चालणाऱ्या आपल्या बेटावरची बाई मी. एवढंही कळत नाही का मला?"

"तुम्ही इतक्या लांबून आलात, आणि त्याला संध्याकाळच्याच विमानाने..."

"जाऊ दे की. विमानतळापर्यंत मी आहेच बरोबर." तिने डब्याचं झाकण काढलं आणि डबा त्याच्यापुढे धरला. "मी त्याच्या खेळासाठी कधी नवस बोलले नाही. खेळाचं तो बघेल. मरियामाउलीकडे रोज एकच मागते. परक्या मुलखात माझं लेकरू जिथून उठून जाईल, तिथे मागे कुणा एकाच्या तरी डोळ्यांत पाणी यावं. आणि माउलीने बघा, अख्खा संघ रडवला. वर तुम्हालाही."