लाल खुणेच्या वर

शनिवारी सकाळी सात वाजता आर्लिसने धक्क्यावर गुडघे टेकून पाण्यातली मोजपट्टी वाचली. पाणी लाल खुणेच्या बोटभर खाली होतं. सलग तिसरी सकाळ.

जूनच्या पावसाने तलाव चढला तेव्हापासून बोटी वेगाने पळवायला बंदी होती. मागे उठणाऱ्या लाटा काठ खात होत्या. तीन सकाळी पाणी खुणेखाली राहिलं की बंदी उठे. आकडा काउंटीला, म्हणजे जिल्हा कचेरीला, फोनवर कळवायचं काम आर्लिसकडे होतं. अकरा वर्षांत तो कोणी तपासला नव्हता.

शेजारच्या धक्क्यावरून धाकटी बहीण व्हर्ना आपली मोठी बोट मुंगीच्या चालीने घेऊन आली.

"काय गं, उतरलं का? टाकी भरून ठेवलीय मी. तुझ्या लेकीला उठव."

"झोपू दे ब्रिटाला. सुट्टीवर आलीय."

"कसली झोपतेय! काल म्हणाली, मावशी, पाच दिवस त्या वल्ह्यांच्या होडीत बसून अंगाला गंज चढला."

आर्लिसने मोजपट्टीवरचं शेवाळ बोटाने पुसलं. दर उन्हाळ्यात ब्रिटा तिच्याकडे उतरे आणि आठवडा मावशीच्या बोटीमागे दोर धरून, पायांतल्या फळ्यांवर पाण्यावरून घसरत घालवी. या खेपेला ती रोज सकाळी आईसमोर गळ टाकून बसली होती. नवऱ्यापासून वेगळी झाल्याचं तिने मंगळवारी तिथेच सांगितलं. "कुणालाच बोलले नाहीये," म्हणाली होती.

"मार्चमध्ये तो घर सोडून गेला ना," व्हर्ना म्हणाली, "तेव्हाच मी तिला फोनवर म्हटलं, माझ्या बोटीवर ये, सगळं विसरशील."

तिने बोट वळवली आणि परत गेली. मागची हलकी लाट धक्क्याला लागली. पट्टीवरचं पाणी लाल खूण ओलांडून वर गेलं, पुन्हा खाली आलं.

आर्लिसने फोन लावला. "उत्तर काठ. खुणेच्या वर, अर्धा इंच."

"वर? काल तर खाली होतं की!" कचेरीतली बाई म्हणाली.

"पाणी आहे, बाई. चढतं, उतरतं."

आठ वाजता काउंटीने बंदी वाढवली. ब्रिटा उद्या परतणार होती.

साडेआठला ती पोहण्याच्या कपड्यांत खाली आली. आर्लिस होडीत वल्ही लावून बसली होती.

"चल, आज पलीकडच्या लव्हाळ्यात जाऊ."

वारा पडला होता. ब्रिटा धक्क्याच्या टोकाशी वाकून मोजपट्टीकडे बघत राहिली; स्थिर पाणी लाल खुणेच्या बोटभर खाली होतं.

नऊ वाजता होडी धक्क्यालाच बांधलेली होती. तीत आर्लिस एकटी होती.