सीडी रायटरचा निवद

“मामी, बघा, हात पुढं करून राह्यलं,” रामकिसन म्हणाला. “निवद मागतंय.”

कॉम्प्युटरमधून सीडीचा कप्पा खरंच सर्रकन बाहेर आला होता. दसरा होता, बदनापूरच्या त्याच्या फोटो स्टुडिओत यंत्राची पूजा चालली होती. कालच आष्टीहून आलेली सासू झुंबरबाई कुंकवाचं बोट तसंच धरून थबकली. जावयानं टॉवेलाखाली माऊस धरलाय, हे तिला काय ठाऊक.

तिनं ताटातल्या पुरणपोळीचा घास मोडला, तुपात बुडवला.

“आत ढकलू का?”

“हातानं न्हाई, मामी. दाते मोडतात त्याचे. आपोआप जातंय.”

निवद नुसता दाखवायचा असतो, या भरवशावर रामकिसन होता. त्यानं हसू गिळलं, पडद्याकडे मान वळवली, बाण बराबर नेमला आणि बटण दाबलं. कप्पा आत गेला. मान परत फिरवली तर सासू हात पुसत होती.

“घास कुठंय?”

“ज्यानं मागितला त्याला दिला.”

रामकिसननं घाईनं कप्पा बाहेर काढला. रिकामा. कोरडा. तुपाचा डागसुद्धा नाही. म्हणजे पुरण थेट आतल्या चाकांत गेलं. भंवरलाल शेठच्या मुलीच्या लग्नाची सीडी याच यंत्रावर काढून आज संध्याकाळच्या गाडीनं तिच्या सासरी जायची होती. ती गेली नाही तर शेठच्या गोतातली पुढची सगळी लग्नं जालन्याच्या स्टुडिओकडे जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

त्यानं स्क्रू काढले. झाकण काढलं. रबरी पट्टा, चाकं, कप्पा, सगळं पेपरवर मांडलं. पुरणाचा कण सापडेना. झुंबरबाई शेजारी बसून वाती वळत होती.

शेवटी तो हरला. “मामी, मजाक केली मी. माऊस दाबला की येतं ते बाहेर. निवदबिवद काही लागत न्हाई त्याला.”

“न्हाई लागत?”

“बिलकुल न्हाई.”

“मंग बरं झालं, नुसता दाखवला.”

तिनं ताटातली वाटी उचलली. खाली घास होता, तुपानं चकाकणारा. यंत्राला काही म्हणता काही झालं नव्हतं, गाडीच्या वेळेआधी ते जोडूनही झालं असतं. पण रामकिसनचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. झुंबरबाईनं घास उचलून त्यात ठेवला आणि त्याच्या हनुवटीला एक बोट लावलं.

“ढकलू का जावईबापू, का आपोआप जातंय?”