चाव्या देताना

“गरम पाणी कुठल्या बाजूला?” नर्सचा नवरा बाथरूममधून ओरडला.

“डावीकडे,” काका म्हणाले.

“उजवीकडे,” काकू म्हणाल्या. “नळावर खूण डावीकडेच आहे, पण प्लंबरने उलटं जोडून ठेवलंय. यांना अजून पाठ झालेलं नाही.”

“पाठ कशाला करायचं? पाठ भाजली की कळतंच.”

दारात उभी असलेली नर्स खळखळून हसली. सकाळपासून पहिल्यांदाच. घर घ्यायचं ठरल्यापासून तिचं आणि नवऱ्याचं धड पटत नव्हतं. तो विमा कंपनीत ठोकलेल्या गाड्या तपासायचा, त्यामुळे धडधाकट गोष्टीकडेही संशयाने पाहायची त्याला सवय. आत्ताही तो नाण्याने एकेक फरशी वाजवून बघत होता. कुठे पोकळ आवाज आला की तिच्याकडे बघायचा, जणू ती फरशी तिनेच बसवली होती. हे घर तिने पसंत केलं होतं ना! त्याला नवीन इमारतीतलं हवं होतं. पण पहिल्यांदा इथे आली तेव्हा तिने भिंती पाहिल्याच नव्हत्या. घर विकणारी ही दोन माणसं पाहिली होती. अशी माणसं ज्या घरात पिकली, त्या घरात आपलंही निभेल, एवढंच तिच्या मनाने घेतलं होतं.

आज ताबा मिळायचा होता. सह्या झाल्या होत्या, उरलेले पैसेही सकाळीच पोचले होते. आता घर दाखवून चाव्या दिल्या की झालं. सामान हॉलमध्ये बांधून तयार होतं, समोरासमोरच्या दोन भिंतींशी नीट रचलेलं. एका ढिगावर जेवणाच्या टेबलाच्या दोन खुर्च्या, दुसऱ्या ढिगावर दोन. किती नेटकी माणसं, तिला वाटलं.

“या कडीचं तेवढं लक्षात ठेव हं,” काकूंनी बाथरूमचं दार ओढून दाखवलं. “दार जरा उचलून धरायचं, मग कडी निघते. नाहीतर आतल्या आत अडकशील. हे अडकले होते एकदा.”

“आणि ही बाहेरून मला धीर देत होती! दाराखालून वर्तमानपत्र सरकवत होती, एकेक पान.”

“कंटाळा येऊ नये म्हणून.”

“शब्दकोड्याचं पान मात्र दिलं नाही.”

“ते मी बाहेर बसून सोडवत होते. आडवे शब्द अडले की आतून हे सांगायचे.”

नर्सने नवऱ्याच्या बाहीला हलकेच चिमटा काढला. बघ, शिक जरा. तोही ओशाळून हसला. मग त्याने नाणं खिशात टाकलं. पण झोपायच्या खोलीत कपाट हलवलं होतं, तिथे त्याची नजर गेलीच. भिंतीवर छतापासून खालपर्यंत ओल उतरली होती. रंगाचे पोपडे सुटले होते.

“काका, ही ओल? घर दाखवलंत तेव्हा बोलला नाहीत.”

नर्सला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण काका रागावले नाहीत. त्यांनी भिंतीवर हात ठेवला. “माझी चूक झाली. सांगायला हवं होतं. खरं सांगू का, इतकी वाढली असेल असं मलाच वाटलं नव्हतं. सुरुवातीला एवढासा डाग होता. दर वर्षी म्हणायचो, यंदा माणूस बोलावू.”

“आणि दर वर्षी मी म्हणायचे, राहू द्या, कपाटामागे कुणाला दिसतंय,” काकू म्हणाल्या.

मग काका म्हणाले, “दुरुस्तीचं मी बघतो. माणूस पाठवतो. तुम्ही काळजी करू नका.”

“तसं नाही काका, आम्ही करून घेऊ,” नवरा घाईघाईने म्हणाला. आपला हा माणूस एखादी गोष्ट अशी सहज सोडून देईल असं नर्सला वाटलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं. घर पावतंय की काय, असा भाबडा विचारही तिच्या मनात येऊन गेला.

चाव्या तिच्या हातात पडल्या. एक जुडगा काकांनी खिशातून काढला, एक काकूंनी पर्समधून. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला. काकू स्वयंपाकघरात गेल्या, कोरड्या ओट्यावरून उगाचच एकदा हात फिरवून आल्या.

“काकू, पत्ता देऊन ठेवा ना,” नर्सने मोबाइल पुढे धरला. “तुमची पत्रंबित्रं इथे येत राहतील. कुठे पाठवायची?”

“बहिणीकडे, नदीपलीकडे,” काकू म्हणाल्या.

“ऑफिसजवळ खोली घेतलीय,” काका म्हणाले.

दोघं एकदमच बोलले. नर्सचं बोट मोबाइलवर तसंच राहिलं.

“दोन्ही लिहून घे,” काकू शांतपणे म्हणाल्या. “यांच्या नावाचं यांच्याकडे, माझ्या नावाचं माझ्याकडे. लेकीच्या लग्नापर्यंत थांबायचं ठरलं होतं आमचं. तिचं झालं गेल्या वर्षी.”

नवरा खिडकीतून टेम्पो बघत होता. त्याचं लक्ष अर्धंच होतं. मागे न वळता त्याने विचारलं, “आणि दोघांच्या नावाने काही आलं तर?”

नर्सने त्याचा दंड घट्ट धरला. पण शब्द सुटून गेले होते.

काकूंनी आपल्या ढिगावरची खुर्ची उचलली. “आता कोण पाठवणार?”

काका दारापर्यंत गेले आणि थांबले.

“आलंच,” ते म्हणाले, “तर इथेच राहू दे.”