लालासाहेबांचं वेगळं राज्य

सांगली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झालं आणि बागाईतदार लालासाहेबांचं टाळकं फिरलं. चावडीसमोर ते गरजले, "आमच्या उसाचा सारा त्या कोरड्या माण तालुक्यानं का खावा? आमी वेगळं राज्य करणार! माणचं काय बी नको!"

ती गर्जना आणि गावानं पिटलेल्या टाळ्या शिवारापर्यंत ऐकू गेल्या. फेटा सावरत लालासाहेब रानात पोचले, तर लेंडीखतासाठी त्यांनीच मेंढरं बसवायला बोलावलेला माणचा सिद्धू धनगर कळप हाकत निघालेला.

"आरं सिद्धू, अजून निम्मं रान ऱ्हायलंय!"

"आवं मालक, माणचं काय बी नको म्हनलासा न्हवं? लेंड्या बी माणच्याच हायत."



स्वतःच्याच जिभेला शिव्या घालत, दिवस मावळायच्या आत लालासाहेबांनी आपलं राज्य मुकाट विलीन करून टाकलं.