तीस लाखांच्या वरचा आकडा

फ्यूजभोवती चॉकलेटची चांदी गुंडाळलेली पाहून लेलँडनं कपाळाला हात लावला.

"हा उद्योग कुणाचा?" त्यानं विचारलं.

"कॅझचा, आणखी कुणाचा?" जिन्याच्या वरच्या पायरीवरून मिसेस व्रोबेल म्हणाल्या. "देवानं त्याला हात दिले, धीर द्यायचा राहिला."

ऐंशीच्या घरातल्या या बाई गुडघ्यांपायी दोन वर्षं तळघरात उतरल्या नव्हत्या. खाली नवऱ्याचं पिनबॉल मशीन होतं, काचेखाली पोलादी गोळी उडवत गुण मिळवायचा खेळ, १९८६ सालचं. मार्चमध्ये कॅझ गेला. अंत्यविधीच्या दिवशी भाच्यानं बटण दाबलं, तर मशीनमधून नुसती घरघर आली. लेलँड शिकागोच्या एका कारखान्यात वीस वर्षं अशीच मशीनं तपासत होता. कारखान्याला टाळं लागलं, तेव्हापासून तो घरोघरी दुरुस्तीला जाई.

बाईंची अट एकच होती. मशीन चाललं नाही तरी चालेल, पण वरचा आकडा जाता कामा नये. सगळ्यांत मोठा आकडा आणि तो करणाऱ्याच्या नावाची तीन अक्षरं मशीन लक्षात ठेवतं. बंद असताना ही आठवण तीन सेलवर तगून राहते.

"कॅझ दर नाताळाला मशीन चालू ठेवूनच सेल बदलायचा," त्या म्हणाल्या. "तीस लाखांच्या वर आहे तो. कॅझचं अर्धं आयुष्य त्या आकड्यापायी गेलं. मला एकदा डोळे भरून बघायचाय, लेलँड."

चार वाजता त्या चर्चला निघाल्या. दोन-अडीच तासांत येते, मग मला खाली ने, असं बजावून गेल्या.

लेलँड कामाला लागला. सेल जुने, पाझरलेले; कधी जीव सोडतील नेम नाही. ते बदलायचे तर आधी वीज हवी, आणि विजेचीच तर बोंब होती. पाच व्होल्ट हवे तिथे मीटर साडेतीन दाखवत होता. चांदीमुळे फ्यूज उडालाच नव्हता, त्याच्याऐवजी पुढचा ब्रिज, वीज एका दिशेला वळवणारा भाग, जळाला होता. त्यानं नवा ब्रिज डाकला. मीटर पाचावर गेला, पण दिवे लागले की पुन्हा खाली. म्हणजे विजेचा दाब सारखा ठेवणारा मोठा कपॅसिटरही सुकला होता. तोही बदलला. तरी मीटरचा काटा हलत होता. असलं कोडं पडलं की लेलँडला भूकतहान सुचत नसे. वास घेत घेत तो एका काळवंडलेल्या जोडणीपर्यंत पोचला. सापडलीस, असं पुटपुटत त्यानं मशीन बंद केलं आणि ती उपसली.

शेजारची गंजलेली स्प्रिंग तुटली आणि एक सेल टपकन खाली पडला.

त्यानं तो लगेच बसवला. मशीन सुरू केलं. दिवे लागले, घंटा वाजल्या, पाच व्होल्ट खुंटासारखे स्थिर. वर मात्र कारखान्यातून निघताना असतो तोच आकडा, पंधरा लाखांचा.

लेलँडची पाचावर धारण बसली. वीस वर्षांत असा हात दाखवून अवलक्षण त्यानं केलं नव्हतं. बाईंना खरं सांगावं, असं मनात आलं. मग 'डोळे भरून' हे शब्द आठवले आणि तो विचार त्यानं बाजूला सारला.

त्यानं वरची काच काढली. कारखान्यात तपासणीला हेच करत. गोळी डाव्या मुठीत धरायची आणि उजव्या बोटानं एकेक लक्ष्य दाबत राहायचं. चाळीस मिनिटं त्यानं दाबलं, बोट सुजलं. तीस लाख ओलांडले, वर थोडे आणखी घातले आणि खेळ संपवला. मशीननं नाव विचारलं. त्यानं तीन अक्षरं भरली: के, ए, झेड. स्वतःची लाज वाटली, पण काच परत बसवली.

बाई आल्या. लेलँडच्या खांद्याला धरून एकेक पायरी उतरल्या. मशीनसमोर उभं राहून त्यांनी चष्मा लावला आणि आकडे ओठांत वाचले. एकतीस लाख चार हजार. मग ती अक्षरं वाचली. मग पुन्हा आकडे.

"मिळालं ना तुम्हाला हवं ते?" लेलँडनं चाचरत विचारलं.

त्यांनी स्टूल ओढलं आणि सावकाश बसल्या.

"माझा तीस लाख बासष्ट हजार होता," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं तो मोडायला झटत होता. मी वरून रोज विचारायची, मोडलास का रे? शेवटच्या दिवशीसुद्धा म्हणाला, 'नाही बर्नी, अजून तूच पुढे आहेस.'"