टाकीची वाफ
एमसीलची गोळी. सातवीतली ओकारी. तापलेला पत्रा. फुस्स! सगळं विसरलेले बाबा रोज दुपारी जुन्या गाडीच्या पेट्रोलटाकीचं झाकण सैल करत. कोंडलेली वाफ फुस्सकन सुटली की हसून म्हणत, "संबोधी, चल, निघू!" लेकीचं नाव तेवढ्यापुरतंच आठवे. पण उन्हात फुगणाऱ्या टाकीची संबोधीला धास्ती वाटे. कृष्णपुऱ्याच्या मिस्त्रीने झाकणातलं हवा जाण्याचं बुजलेलं भोक मोकळं केलं. "दीदी, अब टंकी कभी नहीं फूलेगी." आठवडाभर बाबा झाकण फिरवत राहिले. आवाज नाही. नाव नाही. शेवटी संबोधीनेच एमसीलने भोक बुजवलं. दुपारी फुस्स झालं. बाबा हसले, तिच्याकडे वळून अदबीने म्हणाले, "बाईजी, माझ्या मुलीला बोलावता का? निघायचंय." "बाबा, मीच संबोधी." "हो हो, तीच. बोलवा." पहिल्यांदा ते भोक बाबांनीच बुजवलं होतं, कारण सातवीतल्या संबोधीला पेट्रोलच्या वासाने ओकारी येई.