पहिली हाक

आतडी गळून राजा मेला, पण यरुशलेममध्ये एकही चूल विझली नाही. सेनापतीने आम्हा विलाप करणाऱ्या बायकांना केस धरून राजवाड्यात ओढत आणलं आणि माझ्या आईच्या गळ्याला तलवार लावली.

"रड, म्हातारे. शहराला ऐकू गेलं पाहिजे."

आईने मानेवरचं रक्त ओढणीने पुसलं. "रडते की, बाबा. माझं कामच आहे ते. पण रीत तुलाही ठाऊक आहे. पहिली हाक रक्ताच्या माणसाने मारायची, मग आम्ही गळा काढायचा. राजासाठी 'हाय रे माझ्या भावा' म्हणायला सख्खा भाऊ लागतो. बोलाव एखाद्याला."

"भाऊ कुठून आणू आता?"

"का? चांगले सहा होते. हा गादीवर बसला त्या दिवशी याच तलवारीने कापलेस, तेव्हा एखादा आजच्यासाठी ठेवायचास."

मागच्या बायका फिसकन हसल्या.

तलवार एकदाच फिरली. आईचं डोकं माझ्या पायाशी येऊन थांबलं.

तिच्या रक्ताचं माणूस मी एकटीच होते. मी पहिली हाक मारली, "हाय गं माझ्या आई!" माझ्यामागून सगळ्या बायकांनी गळा काढला, मग गल्ल्यांनी, मग वेशीपर्यंत सगळ्या शहराने.

सेनापतीला हवा होता तेवढाच मोठा आवाज झाला.